उन्हाळ्यातली घरटी: कुठे काय दिसतंय, आणि पावसाळापूर्व छाटणीचं काय करायचं?

टेकडीकर (पुणे)

हिवाळ्यात पुण्याजवळच्या पाणथळींवर, कवडीपाटला आणि भिगवणला, दुर्बिणींची गर्दी असते. मार्चमध्ये पाहुणे पक्षी उत्तरेला परतले की बहुतेकांची दुर्बीण कपाटात जाते. माझ्या मते खरं बघण्यासारखं त्यानंतर सुरू होतं, आणि त्यासाठी गाडी काढावी लागत नाही. बुलबुल, शिंजीर, शिंपी, दयाळ, तांबट, कोतवाल, राखी धनेश, पिंगळा, वेडा राघू, टिटवी या सगळ्यांची वीण साधारण फेब्रुवारीअखेर ते जून या काळात होते. यातले निम्मे तरी सोसायटीच्या आवारात सापडतात.

एवढ्या उन्हात हे पक्षी घरटी का बांधतात, असं नवे लोक नेहमी विचारतात. पिल्लाच्या पोटाचा विचार केला की उत्तर मिळतं. पानगळ झालेल्या झाडांना मार्च-एप्रिलमध्ये कोवळी पालवी फुटते, पालवीवर अळ्या येतात. मध पिणारा शिंजीर आणि दाणे खाणारी चिमणी, दोघेही पिल्लांना किडे-अळ्याच भरवतात. वड, उंबर, पिंपळ फळतात. जमिनीवर किंवा नदीकाठच्या दरडीत अंडी घालणाऱ्यांना कोरडी जागा हवी असते, पाणी चढलं की त्यांचं सगळं वाहून जातं. पावसाची झड सुरू व्हायच्या आत पिल्लं उडती झाली म्हणजे निभावलं. सुगरणीचं गणित वेगळं आहे. तिच्या नराला घरटं विणायला हिरवं लांब गवत लागतं, म्हणून ती पावसाची वाट बघते.

घरटं शोधायला झाडं धुंडाळू नका. एका जागी बसा आणि पक्षी चोचीत काय घेऊन जातोय ते बघा. काडी किंवा कोळिष्टक असेल तर बांधकाम चाललंय. चोचीत अळी आहे आणि ती गिळत नाहीये, म्हणजे पिल्लं आहेत. घरट्यातून बाहेर पडताना चोचीत पांढरा, ओलसर गोळा दिसला तर ती पिल्लाची विष्ठा. ती पातळ पिशवीत बांधल्यासारखी बाहेर येते, आई-बाप ती उचलून लांब नेऊन टाकतात, त्यामुळे घरटं स्वच्छ राहतं आणि वासावर शत्रू येत नाही. दयाळाची जोडी हे काम करताना एकदा नीट बघा. पिल्लू घास गिळतं, वळतं, शेपटीकडचा भाग वर करतं, आणि गोळा बाहेर येतो न येतो तोच बाप तो टिपून उडालेला असतो. दुर्बीण डोळ्यावरून क्षणभर खाली घेतलीत तर हे हुकतं.

आता एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अळी घेऊन आलेला पक्षी घरट्याकडे न जाता शेजारच्या फांदीवर बसून सारखा इकडेतिकडे बघतोय, शेपटी उडवतोय, चिकचिक करतोय, असं दिसलं तर तुम्ही फार जवळ आहात. लगेच उठा, दहा-पंधरा पावलं मागे जा. तो आत गेला तर ते अंतर बरोबर. नाही गेला तर आणखी मागे. तुम्ही तिथे उभे असाल तितका वेळ पिल्लं उपाशी राहतात.

धागा काढण्याचं कारण मात्र दुसरंच आहे. एप्रिल-मे म्हणजे शहरांमध्ये पावसाळापूर्व छाटणीचा काळ. वादळात फांदी कोसळून माणसं दगावतात, त्यामुळे धोकादायक फांद्या काढाव्याच लागतात, त्याबद्दल वाद नाही. पण ठेकेदाराची माणसं एका सकाळीत सगळी गल्ली उरकतात आणि वर कोणी बघत नाही. आमच्या गल्लीत मागच्या वर्षी पर्जन्यवृक्षाची जी फांदी खाली आली, तिच्या बेचक्यात कोतवालाचं घरटं होतं. कोतवाल म्हणजे साधी असामी नव्हे. घारीला, कावळ्याला तो स्वतः जाऊन टोचे मारतो. त्याच्या आसऱ्याने त्याच झाडावर हळद्या, होला (कबुतराच्या कुळातला), बुलबुल असे भिडस्त पक्षी घरटी करतात. म्हणजे एक कोतवाल हलला की शेजारच्या दोन-तीन घरांचं संरक्षण गेलं. त्या झाडावर होल्याचंही घरटं होतं.

तर तुमच्याकडे सध्या कोणाची वीण चालू आहे ते लिहा, आणि छाटणीच्या बाबतीत कोणी काही करून दाखवलं असेल तर तेही सविस्तर सांगा.

---

वऱ्हाडी पाखरू (नागपूर)

छान धागा टेकडीकर. आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा वीण बघायची म्हणजे सकाळी साडेपाच ते आठ, बस. दुपारी पक्षी चोच उघडी ठेवून सावलीत बसलेले असतात, त्यांना हलवू पण नये. आई घरट्यावरून उठली आणि अंड्यावर थेट ऊन आलं तर अंडी खराब व्हायला फार वेळ लागत नाही. आमच्या भागात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण भरदुपारी झाडाखाली कल्ला करत फोटो काढणारी मंडळी आहेत.

नागपुरात होल्यांची आवडती जागा म्हणजे कूलर. फेब्रुवारीत कूलर बंद असतो, त्याच्या लोखंडी स्टँडवर किंवा वरच्या पत्र्यावर होला चार काड्या टाकतो आणि अंडी घालून मोकळा. एप्रिलमध्ये आपल्याला कूलर सुरू करायचा असतो. यावर आम्ही काढलेला तोडगा: होळीच्या आधी कूलर झाकून ठेवा, म्हणजे तो तिथे बसणारच नाही. आणि बसलाच असेल तर त्या खिडकीचा कूलर थोडे दिवस बंद. होल्याची अंडी दोन, उबवून उडेपर्यंत सगळं मिळून महिन्याच्या आत आटोपतं. घरात म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो हे मान्य, म्हणून आधी झाकणंच बरं.

पाण्याबद्दल सांगतो. मातीचं पसरट परळ घ्या, दोन बोटांपेक्षा खोल नको, मधे एक दगड ठेवा. रोज घासून धुवा. बिनधुतलेल्या भांड्यातून पक्ष्यांना रोग होतात, त्यापेक्षा भांडं न ठेवलेलं चांगलं. आणि घरट्याच्या अगदी जवळ ठेवू नका, पाण्यावर कावळे आणि मांजरी येतात.

---

तिसरा मजला (मुलुंड)

मला तातडीने सल्ला हवाय. आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीच्या टोकाला शिंजिराने घरटं केलंय. मादी एकटीच बांधत होती, नर नुसता आजूबाजूला गात होता. लांबट पिशवीसारखं आहे, वरच्या बाजूला भोक आणि त्यावर छोटीशी पडवी. बाहेरून कोळिष्टकं, सालीचे तुकडे, वाळकी पानं आणि अळ्यांच्या विष्ठेचे दाणे चिकटवलेत. लांबून बघितलं तर कचरा अडकलाय असंच वाटतं, सासूबाई झाडूने काढायलाच निघाल्या होत्या. आता ती आत बसते, फक्त चोच बाहेर दिसते.

प्रश्न असा की सोसायटीचं रंगकाम सुरू झालंय. परांची आमच्या विंगपर्यंत पुढच्या आठवड्यात येईल. घरटं दोरीसकट उचलून आत खिडकीत टांगलं तर चालेल का?

---

टेकडीकर

@तिसरा मजला, ताई, अजिबात हलवू नका. शिंजीर जागा लक्षात ठेवतो. घरटं काही फूट सरकलं तरी ती रिकाम्या जागेपाशी येऊन घिरट्या घालत राहते.

मादी आत बसायला लागली म्हणजे अंडी घातली आहेत असं धरा, बहुधा दोन. उबवायला साधारण पंधरवडा, त्यानंतर जवळपास तेवढेच दिवस पिल्लं आत. म्हणजे तुम्हाला महिनाभराची सवलत मागायची आहे, आणि ती फक्त तुमच्या गॅलरीच्या एका पट्ट्यापुरती. कंत्राटदाराला सांगा की आमचा पट्टा शेवटी घ्या. परांची उभी राहिली तरी एक वेळ चालेल, पण गॅलरीसमोर हिरवं कापड ताणू नका, तिचा येण्याजाण्याचा रस्ता बंद होतो. घासकाम आणि रंगाचा फवारा तिथे नको. कमिटीला लेखी द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांची नासधूस ‘शिकार’ या व्याख्येतच धरली आहे, हे वाक्य पत्रात असू द्या.

---

माळरानी (सांगोला, सोलापूर)

झाडांवरच्या घरट्यांची चर्चा होते, जमिनीवरच्यांची होत नाही, म्हणून लिहितो. आमच्या माळावर आत्ता टिटवी, माळटिटवी, धाविक, चंडोल, पखुर्डी सगळ्यांची अंडी आहेत. टिटवीचं तर घरटं म्हणावं असं काही नाहीच. ढेकळात नाहीतर खड्यांत एक उथळ खळगा, त्यात चार अंडी, निमुळती टोकं आत करून मांडलेली. रंग असा की पायाजवळ असली तरी दिसत नाहीत.

टिटवी दुपारची काय करते ते बघण्यासारखं आहे. ऊन चढलं की ती अंडी उबवत नाही, त्यांच्यावर पाय फाकून उभी राहते, म्हणजे स्वतःची सावली पाडते. मग जोडीदार येतो, पाळी बदलते, आणि ही जवळच्या तळ्याच्या कडेला जाऊन पोट बुडवते. पोटाची पिसं चिंब करून परत येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. पाणी कुठं आहे यावर सगळं अवलंबून. शेततळ्याला प्लास्टिक कागद असतो, त्याच्या निसरड्या उतारावर तिला उतरता येत नाही. कडेला एखादं पोतं किंवा दोरीची जाळी सोडली तर पक्ष्यांनाही सोपं जातं आणि त्यात पडलेली इतर जनावरंही वर चढतात.

पखुर्डीचा नर तर पाण्यावर जातो, छातीपोटाची पिसं भिजवतो आणि माळावर परत येतो. पिल्लं त्या पिसांतून पाणी पितात.

आमच्याकडे दोन संकटं. पहिलं, बांध आणि माळ पेटवणं. जाळलं की गवत चांगलं येतं असा समज आहे. मार्चनंतर पेटवलेल्या माळावर उडता न येणारं प्रत्येक पिल्लू जळतं, कारण धोका दिसला की पळायचं नाही, जमिनीला चिकटून निपचित पडायचं, हीच त्यांची सवय. दुसरं, उन्हाळी नांगरट. ट्रॅक्टरवरून अंडी दिसत नाहीत. पण टिटवी अंगावर येऊन ओरडायला लागली, किंवा पंख मोडल्यासारखी लंगडत पुढे पळायला लागली, की समजावं अंडी जवळ आहेत. आम्ही तिथे उतरून बघतो, चार कोपऱ्याला चार दगड ठेवतो आणि तेवढा तुकडा सोडून नांगर फिरवतो. खोलीएवढी जागा राहते. पेरणीपर्यंत पिल्लं चालती होतात. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली की त्याच दिवशी आईमागे चालायला लागतात, ही एक सोय आहे.

टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, खोलगट जागी घातली तर कमी, असं आमचे आजोबा सांगायचे. त्यावर पेरणी ठरवू नका, पण अंडी कुठे आहेत हे त्यांना रोज ठाऊक असायचं, हे खरं.

---

सोनचाफा (ठाणे)

माळरानी दादा, फार सुंदर लिहिलंत.

एक शंका. आमच्या बागेत बुलबुलाचं पिल्लू खाली पडलंय. पिसं आली आहेत, शेपूट नाही. उडता येत नाही, टुणटुण उड्या मारतंय. मुलांनी खोक्यात ठेवलंय. दूध-पाव द्यायचा का? हात लावल्यामुळे आई आता घेणार नाही असं शेजारच्या काकू म्हणतात.

---

टेकडीकर

सोनचाफा, लगेच बाहेर ठेवा. ते पडलेलं नाही, घरट्यातून निघालेलं पिल्लू आहे. बुलबुलाची पिल्लं पुरतं उडता यायच्या आधीच घरटं सोडतात आणि पुढचे काही दिवस झुडपांतून उड्या मारत फिरतात. आई-बाप तिथेच येऊन भरवतात. जिथे सापडलं त्याच्या जवळच्या दाट झुडपात, मांजराला पोचणार नाही अशा फांदीवर बसवा आणि लांब जा. चार लोक भोवती उभे असतील तर आई येणार नाही. मुलांना खिडकीतून बघू दे.

माणसाचा वास लागला की आई टाकते हे खरं नाही. पिसं न फुटलेलं, डोळे मिटलेलं उघडं पिल्लू खाली सापडलं आणि घरटं दिसत असेल तर ते उचलून परत घरट्यात ठेवलेलंच उत्तम. घरटं तुटलं असेल तर छोटी टोपली किंवा नारळाची करवंटी, तळाला भोक पाडून, वाळकं गवत घालून त्याच फांदीला बांधा.

दूध, पाव, भात काही नको. ड्रॉपरने चोचीत पाणी तर मुळीच नको, ते श्वासनलिकेत जातं आणि पिल्लू तिथल्या तिथे मरतं. जखम दिसत असेल तर हवेला भोकं असलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वनविभागाला किंवा जवळच्या वन्यप्राणी उपचार केंद्राला फोन करा.

---

देवराईतला (चिपळूण)

कोकणातून दोन शब्द. आमच्या रायांमध्ये महाधनेशाची वीण थंडी सरता सरता सुरू होते. जुनी माणसं त्याला गरुडच म्हणतात. मादी बेहड्याच्या नाहीतर आंब्याच्या ढोलीत शिरते, विष्ठा, माती आणि फळांचा गर यांनी दार लिंपून घेते आणि चोच बाहेर निघेल एवढी उभी फट ठेवते. आत तिची उडायची पिसं गळतात. त्या काळात तिला उडताच येत नाही. तिचं आणि पिल्लाचं सगळं पोट एकट्या नरावर. तो गळ्यात उंबर-वडाची फळं भरून आणतो आणि फटीपाशी बसून एकेक वर काढून देतो. पंखांचा आवाज आधी येतो, पक्षी मागाहून दिसतो.

हा नर अतिशय सावध. ढोलीखाली माणसं असली तर तो समोरच्या डोंगरावर बसून राहतो, येत नाही. हल्ली कोणाला तरी जागा कळते, तो ग्रुपवर लोकेशन टाकतो आणि रविवारी पाच-सहा गाड्या. तेवढा दिवस आतल्यांना उपास. म्हणून ढोलीची जागा कोणालाही सांगायची नाही असं आमच्या वाडीने ठरवलंय. बघायचंच असेल तर समोरच्या उतारावरून, झावळ्यांच्या आडोशाने.

झाड टिकणं हा मूळ मुद्दा. ढोली असलेलं झाड पोकळ, इमारतीला उपयोग नाही, म्हणून मालक ते जळणाला विकून टाकतो. आणि नेमकं तेच झाड धनेशाला लागतं, कारण त्याला स्वतःला ढोली कोरता येत नाही. आम्ही मालकाला जाऊन भेटतो, झाडाखाली रुजलेली रोपं दाखवतो. नराने आणलेल्या फळांच्या बिया तिथेच पडतात, त्यामुळे ढोलीखाली रानातल्या झाडांची रोपवाटिका तयार असते. ती बघितल्यावर निदान दोघांनी विचार बदलला.

---

लांबलेन्स (नाशिक)

सगळ्यांचं पटतंय, पण हल्ली कितीतरी पक्षी-गट घरट्याच्या फोटोला सरसकट नको म्हणतात, ते मला टोकाचं वाटतं. माझ्याकडे लांबचं टिपणारी ६०० मिमीची लेन्स आहे. मी झाडीत लांब बसून काढतो, फ्लॅश वापरत नाही. स्वर्गीय नर्तकाचा नर लांब पांढरी शेपटी घरट्याबाहेर सोडून अंड्यांवर बसलेला मी टिपला, तो बघून किती जणांना पक्ष्यांची गोडी लागली! लोकांना दाखवलंच नाही तर प्रेम कसं वाटणार?

---

टेकडीकर

लांबलेन्स, तुम्ही काळजी घेता यात शंका नाही. अडचण पुढच्या माणसाची आहे. तुमचा फोटो बघून जो येतो त्याच्याकडे ६०० ची लेन्स नसते, त्याच्याकडे मोबाइल असतो. तो घरट्यापासून हातभर अंतरावर जातो. मधे येणारी पानं बाजूला करतो, कधी फांदीच बांधून ठेवतो. तीच पानं घरट्याची सावली असतात आणि टकाचोर, भारद्वाज, कावळा यांच्यापासूनचा आडोसाही. सिंहगडाच्या दरीत नर्तकाच्या घरट्याभोवती तोडलेल्या डहाळ्या मी पाहिल्या आहेत. शिवाय कावळे माणसांवर लक्ष ठेवतात. आपण वारंवार एका झुडपात डोकावलो की तिथे काहीतरी आहे हे त्यांना कळतं.

कितीतरी पक्षी-गटांनी घरट्याचे फोटो स्वीकारणं बंद केलंय ते याच कारणाने, आणि मला ते योग्य वाटतं. चोचीत कोळिष्टक घेतलेली नाचण, अळी घेऊन निघालेला दयाळ, उडायला शिकणारी पिल्लं आणि त्यांच्यामागे धावणारे आई-बाप, हे सगळं घरट्यापासून लांब टिपता येतं. त्या फोटोंत गोष्ट जास्त असते. तुमच्यासारख्या चांगल्या हाताने ते काढले तर लोक नक्की बघतील.

---

लांबलेन्स

पुढच्या माणसाचा मुद्दा मान्य. नर्तकाचा फोटो मी काढून टाकतो आणि ठिकाणाचं नावही. कोळिष्टक गोळा करणाऱ्या नाचणीचा प्रयत्न करतो, गोदावरीकाठी आहे जोडी.

---

सोनचाफा

पिल्लू जास्वंदीच्या झुडपात ठेवलं. अर्ध्या तासात दोन्ही बुलबुल आले, चोचीत काहीतरी हिरवं होतं. मुलं खिडकीला चिकटून बसली आहेत.

आता दुसरी काळजी. भारद्वाज रोज त्या झुडपाभोवती फिरतोय. हाकलू का?

---

वऱ्हाडी पाखरू

सोनचाफा ताई, भारद्वाजाला राहू द्या. त्यालाही जगायचं आहे, पुढे त्यालाही पिल्लं होतील. बुलबुलाची पहिली पिल्लं गेली तरी तो त्याच हंगामात पुन्हा अंडी घालतो, निसर्गात ही तूट धरलेलीच असते. पाळलेल्या मांजराची गोष्ट वेगळी. ते आपण आणलेलं आहे, त्याला घरी जेवण मिळतं आणि तरीही ते मारतं. आजूबाजूला कोणाचं मांजर असेल तर या दिवसांत पहाटे आणि संध्याकाळी त्याला घरात ठेवायला सांगा.

---

सचिव, विंग बी (पिंपरी)

मी एका सोसायटीचा सचिव आहे, त्यामुळे छाटणीच्या दुसऱ्या बाजूने लिहितो. आमच्याकडे मागच्या जूनमध्ये गुलमोहराची फांदी पार्किंगमध्ये पडली, एक मुलगा थोडक्यात वाचला. तेव्हापासून सभासदांचा आग्रह असतो की सगळी झाडं बोडकी करा. पक्ष्यांचं नाव काढलं की लोक चिडतात. अशा वेळी मी काय सांगू? आणि वाळलेली फांदी तर काढायलाच हवी ना?

---

टेकडीकर

सचिवसाहेब, तुमचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. आमच्या शेजारच्या सोसायटीत या वर्षी जे जमलं ते सांगतो.

जानेवारीतच झाडांची पाहणी करून घेतली. कोणती फांदी रस्त्यावर, वाहनांवर, खेळायच्या जागेवर आहे, कोणती किडलेली आहे, एवढंच बघितलं. त्यांची छाटणी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उरकली. महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागतेच, तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज डिसेंबरमध्ये द्यायचा. सभासदांना सांगताना पक्ष्यांपासून सुरुवात करू नका, झाडापासून करा. सरसकट बोडकं केलेलं झाड तोल हरवतं, कापलेल्या जागी बुरशी शिरते, आणि तिथून घाईने फुटलेले नवे धुमारे कमकुवत असतात. दोन-तीन वर्षांनी वादळात तेच मोडतात. म्हणजे सुरक्षेसाठीही नेमकीच छाटणी चांगली. हे ऐकल्यावर आरडाओरडा बराच कमी झाला.

वाळक्या फांदीबद्दल. तांबट आपली ढोली वाळक्या, मऊ लाकडातच कोरतो. शेवगा, पांगारा, गुलमोहर त्याच्या आवडीचे. भोक फांदीच्या खालच्या अंगाला असतं, म्हणजे पावसाचं पाणी आत जात नाही. नर-मादी आळीपाळीने कोरतात, चोच भरभरून भुसा बाहेर टाकतात, झाडाखाली त्याचा सडा दिसतो. पुढे अशाच जुन्या ढोल्या दुसरे पक्षी वापरतात. म्हणून वाळकी फांदी खाली माणसांचा वावर नसेल तिथे पूर्ण काढू नका, हात-दीड हाताचा ठोंब ठेवा. एवढा ठोंब वजनाने मोडून पडत नाही आणि तांबटाला पुरतो.

एप्रिल-मेमध्ये छाटणी टळतच नसेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळी अर्धा अर्धा तास झाडाकडे बघत बसायला एक माणूस नेमा. वर सांगितलेल्या खुणा दिसल्या तर तेवढीच फांदी पावसाळ्यानंतरवर ढकला. बाकीची कापा.

---

तिसरा मजला

आमची गॅलरी वाचली! कंत्राटदाराचा मुकादम स्वतः वर आला, घरटं बघितलं, म्हणाला आमच्या गावी आंब्याला असतंच हे. आमचा उभा पट्टा सगळ्यात शेवटी घेणार आहेत, कापडही गॅलरीच्या बाजूलाच थांबवलं. कमिटीने पत्राची पोच दिली. मादी अजून बसते आहे, दुपारी थोडा वेळ बाहेर जाऊन येते. कपडे आम्ही आतल्या स्टँडवर घालतोय.

---

सचिव, विंग बी

टेकडीकर, ठोंब ठेवण्याची कल्पना मला माहीत नव्हती, ती मान्य होण्यासारखी आहे. या वर्षी आमची परवानगी आधीच आली आहे, पुढच्या सोमवारी माणसं येणार. ठेकेदाराला आणि उद्यान विभागाला द्यायला एक छोटं पत्र लिहून द्याल का? मी सभासदांच्या सह्या घेतो. लांबलचक नको, काम करणाऱ्या माणसालाही वाचता येईल असं हवं.

---

टेकडीकर

हे घ्या. झाडांचे क्रमांक आणि जागा तुमच्या परवानगीच्या कागदावरून भरा.

प्रति, उद्यान विभाग, आणि छाटणीचे ठेकेदार.
विषय: विणीच्या हंगामातील छाटणीबाबत.

आमच्या आवारातील झाडांच्या छाटणीला परवानगी मिळाली आहे. सध्या पक्ष्यांचा विणीचा हंगाम सुरू आहे. कृपया पुढीलप्रमाणे काम व्हावे ही विनंती. फांदीला करवत लावण्यापूर्वी तिच्यावर घरटे किंवा ढोली आहे का ते पाहावे. घरट्यात अंडी किंवा पिल्ले असल्यास ती फांदी सोडून पुढे जावे व सोसायटीला कळवावे. ती ऑक्टोबरनंतर काढता येईल. त्या फांदीपासून तातडीचा धोका असल्यास आधी वनविभागाला कळवून मगच हात लावावा. परवानगीत नमूद केलेल्या फांद्यांपलीकडे छाटणी करू नये. वाळलेल्या फांद्यांखाली वावर नसेल तेथे दीड हाताचा ठोंब ठेवावा. छाटणीच्या वेळी सोसायटीतर्फे एक सभासद झाडाखाली हजर राहील, त्याच्या सूचनेवरून काम थांबवावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार पक्ष्यांची अंडी व घरटी नष्ट करणे हा गुन्हा आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

साहेब, सोमवारी सकाळी सात वाजता मी येतो, तो हजर सभासद मी झालो तरी चालेल. पिंपरीत कुठे यायचं ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा. आजूबाजूचं कोणी दुर्बीण घेऊन येणार असेल तर हात वर करा, झाडं बरीच असतील तर दोघे लागतील.